नागपूरचे दोन पाहुणे

खामगावच्या आमच्या फुटबॉल क्लबाचा मी सेक्रेटरी होतो आणि त्या पदाची हवा माझ्या डोक्यात गेली होती. आमचा गोलकीपर कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. बोलण्याआधी तो हात पुसायचा, स्वच्छ असले तरी. अकोल्याच्या सामन्यासाठी सगळी वर्गणी घालून नागपूरचे दोन खेळाडू आणायचं मी ठरवलं, तेव्हा त्यानं हात पुसले.

"काऊन जी, आपल्या पोट्ट्यायले खेळता येत नाही का?"

"क्लब मोठा करायचा तर खर्च करावाच लागतो," मी ऐटीत म्हणालो.

पाहुणे बूट घालून रुबाबात खेळले. आम्ही चार गोलांनी हरलो. आमचा एकुलता एक बॉलही त्या सामन्यात फाटला आणि नवा घ्यायला पैसे नव्हते. लाजेनं मी आठवडाभर मैदानाकडे फिरकलो नाही.

मग एका संध्याकाळी गोलकीपर दारात उभा राहिला. काखेत तोच बॉल, मेणाच्या दोऱ्यानं शिवलेला. मी मनात राजीनाम्याचं भाषण जुळवू लागलो.

"चाला साहेब," तो म्हणाला, "एक गडी कमी पडून राह्यला."

मी धोतर खोचून निघालो. त्यानं मला मैदानाच्या अशा कोपऱ्यात उभं केलं, जिथे बॉल सहसा येत नसे.