दरीतलं सांबर

चोरटे शिकारी मारलेली सांबराची मादी दरीतच टाकून पळाले होते. वनरक्षक, गावातले दोघे आणि मी, तिला बांबूला बांधून वर आणत होतो. चढ उभा होता. गावातल्या दोघांपैकी पुढून खांदा दिलेले धोंडूकाका सारखे म्हणत होते, “हळू रं, डोकं आपटंल तिचं.”

“काका, मेलीय ती,” वनरक्षक म्हणाला.

काका थांबले. मुंडासं सोडून त्यांनी तिची लोंबती मान बांबूला अलगद बांधली.

“आमच्या हिला डोलीतनं याच वाटेनं दवाखान्यात नेत होतो. निम्म्यातच मान अशी लोंबली. तरी वर पोचंपर्यंत मी हळू चला, हळू चला म्हणतच होतो.”

मेलेल्याला दुखत नाही, हे माणसाला कळतं. हातांना कळायला फार वेळ लागतो. आम्ही पुन्हा बांबू उचलला, अगदी हळू.