माइकवर न दिलेल्या शिव्या

नाव सुहासिनी, पण तिला हसताना पाहिलेलं माणूस अमिरातीतल्या अल ऐनमध्ये दिवा घेऊन शोधावं लागलं असतं. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावरच मुक्कामाला होता, आणि तिच्या धंद्यात तो खपूनही जाई. धंदा म्हणजे बायकांना गाडी शिकवण्याचा. अल ऐनमध्ये भाजीला निघालं तरी वाटेत चार गोल चौक आडवे येतात. प्रत्येक राउंडअबाउटला सुहासिनी शेजारच्या सीटवरून गरजे, "डावीकडे बघ, डावीकडे. यल्ला, चल, आता घाल." तिच्या पायाखाली शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक असे. तो दाबून दाबून उजव्या पायाला अशी खोड लागली होती की घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघतानाही कुणी चुकलं की पाय फरशीवर दाबला जाई.

"अगं, फरशी फुटेल," नवरा विलास म्हणे. हॉस्पिटलच्या ऑफिसात काम करणारा शांत माणूस. घरात एकानेच रागवायचं असं त्यांचं न बोलता ठरलेलं होतं.

मुलगी मिहिका इथेच जन्मली, इथेच वाढली. लहानपणी वाढदिवसाला गो-कार्टमध्ये बसवली, ती उतरलीच नाही. कॉलेज झालं, नोकरी लागली, तरी सुट्टीचा दिवस ट्रॅकवर.

अशात वाळवंटात ती ऑल-स्टार शर्यत आली. जगभरातले नावाजलेले, बरेचसे केस पिकलेले विजेते गोळा करायचे, सगळ्यांना एकाच साच्यातल्या गाड्या द्यायच्या, कुणाला कुठली ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आणि बाहेरच्या कडेला उंच होत गेलेल्या, अंड्यासारख्या गोल रस्त्यावर सतत डावीकडे वळत पळवायच्या. जिंकला तर माणूस जिंकला, गाडी नव्हे. विचार चांगला होता. चांगल्या विचारांना आयुष्य कमीच असतं म्हणा, दुसऱ्या हिवाळ्यात सगळं बंदच पडलं. पण त्यात दर शर्यतीला एक जागा इथल्याच ड्रायव्हरसाठी राखलेली होती, आणि चाचणी देऊन ती मिहिकाने मिळवली.

या गाडीत ड्रायव्हरला इतकं जखडून बसवतात की मान वळत नाही. म्हणून उंच गच्चीवर एक माणूस उभा राहून रेडिओवर सांगत असतो, आत गाडी आहे, बाहेर गाडी आहे, मोकळं आहे. त्याला स्पॉटर म्हणतात. मिहिकाने आईला उभं केलं. "तुझ्या आवाजाची मला सवय आहे," म्हणाली.

पहिल्या शर्यतीत सुहासिनी ओरडली, ती स्वतःच्या गाडीत ओरडे तशीच. "अगं, झोपलीस का? त्या टकल्याला जाऊ दे आधी, मग आत शीर." मध्येच पुढे दोन गाड्या आपटल्या, धुराने रस्ता दिसेना. तेव्हा तिचा आवाज एकदम खाली आला. "वर राहा. वरच राहा. घाबरू नको. मोकळं." मिहिका त्या धुरातून ओरखडा न लागता बाहेर आली आणि पुढे सातवी आली.

दोन दिवसांनी शिकाऊ गाडीत यम्ना नावाच्या विद्यार्थिनीने तिला मोबाइल दाखवला. शर्यतवाल्यांनी रेडिओवरचं सगळं उचलून इंटरनेटवर टाकलं होतं. सुहासिनीच्या प्रत्येक ओरडण्यामागे प्रेशर कुकरची शिट्टी. टकल्या म्हटलं की शिट्टी. झोपलीस का म्हटलं की शिट्टी. जग हसत होतं. धुरातलं ते 'वर राहा' मात्र कुठेच नव्हतं. ते कापून टाकलं होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं जो होता तो नुसता धूर होता.

शेवटच्या शर्यतीआधी अफनानचा फोन आला. शर्यतीचं शूटिंग सांभाळणारी मुलगी, शारजात वाढलेली, बोलायला गोड. "आंटी, मिहिका की सीट पक्की है. इस बार के ट्रायल में दूसरा लडका जरा फास्ट था, लेकिन पब्लिक को आप चाहिए. बस, इस बार थोडा और गुस्सा."

सुहासिनीने फोन ठेवला आणि रात्री जेवताना घरात सांगितलं.

"मग ओरड की," विलास म्हणाला. "नाहीतरी घरात ओरडतेसच."

"घरात ओरडते ते माझं असतं. ते कुणाच्या कुकरला लावायला नाही." मग ती मिहिकाकडे वळली. "तुझी जागा तुझ्या गाडी चालवण्यामुळे नाही, माझ्या तोंडामुळे आहे. कळलं का?"

मिहिका ताटातला भात चिवडत होती. "आय नो, आई. त्यांनी मला आधीच विचारलं. आय सेड येस."

"मला न विचारता?"

"बाहेरच्या टीमची माणसं बघायला येतायत. इट्स माय लास्ट चान्स. तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते." सुहासिनी उठली आणि भांडी अशी घासली की शेजारच्या फ्लॅटमधून भिंतीवर थाप आली.

पण शर्यतीच्या दिवशी ती गेली. मुलगी त्या डब्यात बसणार, मान वळणार नाही, आणि डोळे दुसऱ्या कुणाचे? ते तिला जमलं नाही.

गच्चीवर अफनानने कॅमेरा थेट तिच्या तोंडावर लावला. सुहासिनी रेडिओत बोलत राहिली, पोळ्या मोजाव्यात तशी. "आत एक. अजून आत. मोकळं. बाहेर एक." अफनान हातवारे करत होती, वाढवा, वाढवा. सुहासिनीच्या घशात शिव्यांचा गोळा बसला होता, अर्ध्या अफनानसाठी, अर्ध्या मिहिकासाठी. तो तिने तसाच धरून ठेवला. मिहिका सहावी आली, पाचवी आली, चौथी झाली.

मग मागून एक पांढऱ्या मिशांचा जुना विजेता आला. वाट मिळेना म्हणून त्याने सरळ ठोकलं. मिहिकाची गाडी गरकन फिरली आणि भिंतीला जाऊन बसली. सुहासिनीचा उजवा पाय काँक्रीटवर इतका दाबला गेला की चपलेचा पट्टा तुटला. कॅमेरा आणखी जवळ आला.

"इंजिन बंद कर," ती रेडिओत म्हणाली. "आग नाही. मी बघतेय. हात हलव." खाली खिडकीतून एक हात हलला. "बस. आता उतर. सावकाश."

मग तिने हेडफोन काढला, तुटकी चप्पल हातात घेतली आणि जिना उतरली.

शर्यत थांबवली होती, आणि मिशीवाला आपल्या गाडीला टेकून पाणी पीत होता. "शिकाऊ बायका माझ्याकडे येतात," ती मराठीत म्हणाली, कारण राग हिंदीत उतरेना. "ज्यांना क्लच कुठला ते कळत नाही. त्यासुद्धा पुढच्याला ठोकून वाट काढत नाहीत. तुला लायसन्स दिलं कोणी? त्यालाही आण इथे. विजेता म्हणे. माझ्या गाडीत तुला पहिल्या चौकात उतरवला असता." आणि बरंच काही, जे लिहायचं नाही. त्याला एक अक्षर कळलं नसेल, पण त्याने टेकलेली पाठ सरळ केली आणि बाटली खाली ठेवली.

मागून अफनान धापा टाकत आली. "आंटी, परफेक्ट. बस एक बार फिर से, माइक लगाके?"

सुहासिनीने हेडफोन तिच्या हातात कोंबला. "खलास," म्हणाली.

बाहेरच्या टीमवाल्यांचा फोन आला नाही. पुढच्या हिवाळ्यात शर्यतही आली नाही.

त्या दिवशी घरी जाताना गाडी मिहिकानेच चालवली, खांदा दुखत असताना. अल ऐनच्या पाट्या दिसू लागल्या.

"माझ्यावर रागावलीयस," मिहिका म्हणाली.

"हो."

"अजून किती दिवस?"

"ते मी ठरवीन. तू परस्पर ठरवू नकोस."

पहिला राउंडअबाउट आला. मिहिकाने वेग कमी केला, डावीकडे नीट पाहिलं आणि आपण होऊन म्हणाली, "मोकळं."

सुहासिनीनेही डावीकडे पाहून घेतलं, मोकळंच होतं. पण तिचा अनवाणी पाय, जिथे ब्रेक नव्हता तिथे, चौक संपेपर्यंत दाबलेला होता.