सुदामच्या खिशातली चिठ्ठी

महिना होत आला. जिंतूरच्या कोर्टाच्या आवारात मी एका पक्षकाराला चढ्या आवाजात झापत होतो, तेवढ्यात लिंबाखाली किसनराव उभा दिसला. डोक्याचा पटका काढून त्यानं हातात धरला होता. किसनराव म्हणजे माझा कॉलेजातला मित्र सुदाम, त्याचा बोरीत राहणारा थोरला भाऊ. मी विचारलं, "का किसनराव, आज इकडं कुठं?" तर म्हणाला, "वकीलसाहेब, सुदाम गेला. कावीळ उतरलीच न्हाई बगा." मला आधी काही कळेचना... सत्तावीस वर्षांचा माणूस! थोड्याच दिवसांपूर्वी एसटी स्टँडवर भेटला होता. डोळे पिवळे दिसतात म्हटलं, तर म्हणे, "शाळेत पिवळे खडू लय आलेत." किसनराव पुढं म्हणाला, "रविवारी शाळेत सभा ठेवलीय. तुमी दोघं संगं भाषणं करायचे. सारं गाव म्हणायलंय, दोन शब्द तुमीच बोलावं."

दोन शब्द! मला दोन शब्द बोला म्हणावं आणि मी दोनशे बोललो नाही, असं आजवर घडलेलं नाही. बोरीतही घडलं नाही. मी चांगला बोललो. बायांनी पदर डोळ्यांना लावले, मुख्याध्यापकांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. आणि जी एकच गोष्ट सांगायला हवी होती तेवढी मी गिळली. सुदामचं कॉलेज मोडलं, पोरगा तीन-चार वर्षं मागं पडला, त्याला कारण मी आहे. हे त्या सभेत बसलेल्या कुणालाही ठाऊक नव्हतं, म्हणून आता इथं लिहितोय. निदान कागदावर तरी टाळ्या वाजत नाहीत.

आम्ही परभणीच्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. माझे वडील सेलूचे वकील. घरी रेडिओ, पेपर, सगळं. सुदाम बोरीच्या बौद्ध वस्तीतला, आईबाप दोघंही मजुरीला जाणारे. तो फुकट राहणं-जेवण असलेल्या वसतिगृहात होता, आणि वसतिगृह सुटलं की कॉलेजही सुटणार, हे त्याला पहिल्या दिवसापासून पक्कं माहीत होतं. त्याच्याकडं शर्ट दोन, एक अंगावर आणि एक दोरीवर. धुण्याआधी तो खिसे उलटे करून बघायचा, आणि मी चिडवायचो, "काय रे, निजामाचा खजिना सापडला का?" वादविवाद स्पर्धांना कॉलेजकडून आमचीच जोडी जायची. तेव्हा पद्धत अशी होती, की एका कॉलेजच्या दोघांपैकी एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरुद्ध. गुण दोघांचे मिळून, आणि जिंकेल त्या कॉलेजला फिरती ढाल. कुणी कुठली बाजू घ्यायची ते मराठीचे सर चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. टाळ्या मी आणायचो, गुण सुदाम आणायचा. तो मला टाळीबहाद्दर म्हणायचा आणि मला त्याचा रागही यायचा नाही, उलट बरंच वाटायचं.

त्या हिवाळ्यात, एकाहत्तर साली, युद्ध झालं आणि दोन आठवड्यांत आपण जिंकलो. सुदाम माझ्यापेक्षा जास्त पेटलेला होता. त्याचा मामा फौजेत होता. हॉटेलातल्या रेडिओसमोर तो चहा न घेता तासन्‌तास उभा राहायचा, आणि मालकानं हटकलं तर म्हणायचा, "बातम्या सरकारच्या हायत, तुमच्या न्हाईत." बी.ए. झालं की भरती होणार, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. विजयाच्या मिरवणुकीत त्यानं मला खांद्यावर घेतलं आणि मी वरून घोषणा दिल्या. माझं मत म्हणाल, तर मला मतच नव्हतं, मला आवाज होता. युद्ध म्हणजे काय हे मी त्या मिरवणुकीतल्या गुलालापलीकडं कधी बघितलंच नाही.

मग सेलूची स्पर्धा जाहीर झाली. विषय होता, 'अन्यायाला उत्तर युद्धानेच देता येते.' सरांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या, घड्या घातल्या आणि आपल्या तपकिरीच्या रिकाम्या डबीत टाकून डबी आमच्यापुढं धरली. पहिली मी उचलली. तळहातातच उघडली. सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'प्रतिकूल'. त्या दिवसांत, माझ्याच सेलूत, माझ्या वडिलांच्या ओळखीच्या लोकांसमोर युद्धाच्या विरुद्ध बोलायचं? मी चिठ्ठी मुठीत चुरगाळली आणि म्हणालो, "मला अनुकूल." इतकं सहज तोंडातून गेलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. सुदामनं दुसरी चिठ्ठी उचलली, पण उघडली नाही. "तुला अनुकूल म्हंजे मला उरली ती. उघडून का बगायचं?" असं म्हणून त्यानं ती शर्टाच्या खिशात टाकली. मी सुटलो एकदाचा, हाच विचार तेव्हा माझ्या मनात होता.

सुदामची मात्र पंचाईत झाली. आठ दिवस तो नुसता फिरत होता. "का बोलू रे? मला तर सारं उलटंच वाटतंय," म्हणायचा. शेवटी बोरीला जाऊन आला. मलाही चल म्हणाला होता, पण मी आरशासमोर हातवारे बसवण्यात गुंतलो होतो. तिकडं काय झालं ते त्यानं सेलूला जाताना पॅसेंजरच्या डब्यात सांगितलं. गावात मेंढरं राखणाऱ्या एका घरातला पोरगा त्या युद्धात कामी आला होता. गावानं त्याच्या आईचा सत्कार ठरवलेला. शाल, नारळ, हार, सगळं ठरलेलं. सुदाम भेटायला गेला तर ती मेंढरांना पाणी दाखवत होती. तिनं त्याला एकच विचारलं, "तू शिकलेला हाईस म्हणून इचारते बाबा... तितं रडलं तर चालतं का?" ती म्हणाली, कुणी साहेब येऊन सांगून गेलाय, बाई, अभिमान वाटतो असं म्हणा. ते ती पाठ करत होती. शब्द लांब असल्यामुळं मधेच अडखळत होती. हे सांगताना सुदाम खिडकीकडं तोंड करून बसला होता, आणि मी त्याला काय म्हणालो असेन? म्हणालो, "झकास! हे भाषणात घे, गुण मिळतील."

सेलूला जिनिंगच्या आवारात मांडव घातला होता. कपाशीचा हंगाम, माणसांच्या टोप्यांवर कापसाचे तंतू बसलेले. आधी मी बोललो, आणि मांडव अक्षरशः दणाणला. मग सुदाम उठला. त्यानं त्या माउलीची गोष्ट सांगितली, नाव न घेता, आवाज न चढवता. शेवटी म्हणाला, "हुकूम देणाऱ्यानं हुकूम दिला, गोळी झाडणाऱ्यानं झाडली. मी परभणीत हॉटेलापुढं उभा राहून टाळ्या वाजवल्या. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या बाजूनं मी आजही उभा आहे. पण या सगळ्यात माझ्या टाळ्यांकडं काही वाटा येतो की नाही, एवढंच मला विचारायचंय. ज्या विजयानंतर आईला रडायची परवानगी मागावी लागते, तो विजय नक्की कुणाचा?" मागून कुणीतरी ओरडलं, "खाली बस!" मग सगळेच ओरडायला लागले. एक चप्पल व्यासपीठावर येऊन पडली. सुदामनं ती उचलून बाजूला ठेवली, वाक्य पुरं केलं आणि मगच बसला. ढाल दुसऱ्याच कॉलेजला गेली. जाताना लोक माझी पाठ थोपटत होते.

पहिल्या रांगेत बसलेले एक पुढारी सुदामच्या वसतिगृहाच्या समितीवर होते. चार दिवसांत प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यांना सुदामला वाचवायचं होतं. म्हणाले, "बाजू चिठ्ठीवर आली होती, ही माझी मतं नाहीत, एवढं लिहून दे पोरा. मी मिटवतो." सुदाम म्हणाला, "सर, मी भरती व्हायला निघालो व्हतो. आठ दिवस त्या बाजूनं इचार केला आन् आता ती मतं माझीच झालीत. माझी न्हाईत असं कसं लिहू?" प्राचार्य वैतागले. "बरं, चिठ्ठ्या पडल्या तरी कशा, तेवढं सांग. त्यात काही घोळ झाला असला, तरी तो समितीपुढं सांगून मी मिटवतो." सुदाम माझ्याकडं वळला. हळूच म्हणाला, "याला इचारा सर. आधी यानं काढली."

मी खरं बोललो असतो तर माझं काय वाकडं होणार होतं? वडील रागावले असते, फार तर चार लोक हसले असते. ते पुढारी तर आमच्याकडं नेहमी जेवायला यायचे. मी प्राचार्यांच्या टेबलावरच्या शाईच्या दौतीकडं बघत म्हणालो, "मला अनुकूल आली सर, याला प्रतिकूल." सुदाम माझ्याकडं बघत होता. किती वेळ बघत होता मला माहीत नाही, कारण मी मान वर केलीच नाही. मग त्यानं "बरं" एवढंच म्हटलं. आठवड्याभरात त्याचं वसतिगृह सुटलं. ट्रंक उचलायला मी एसटी स्टँडपर्यंत गेलो, आणि त्या हरामखोरपणाला मी कित्येक वर्षं मैत्री समजत होतो.

त्याच्या पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. मी बी.ए. होऊन वकिलीच्या अभ्यासाला गेलो, सुदाम जिंतूर रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता. पुढं रखडत रखडत तो मास्तर झाला आणि बोरीच्याच शाळेत लागला. आणीबाणीच्या दुसऱ्या वर्षी मी नवा कोरा वकील झालो होतो आणि जिथं माईक दिसेल तिथं उभा राहत होतो. नसबंदीच्या मोहिमेसाठी एका सरकारी सभेत मी शिस्तीवर जोरदार बोललो. समोर शिक्षक बसवलेले. प्रत्येकानं माणसं आणायची, नाहीतर पगार बंद. त्यांत सुदाम होता. त्यानं एकही माणूस नेला नाही, म्हणून त्याचा पगार अडला, हे मला नंतर कळलं. सभा संपल्यावर माझ्याजवळ येऊन हसून म्हणाला, "लय भारी बोललास टाळीबहाद्दर. या बारीला चिठ्ठी कोणाची व्हती?" मीही हसलो. जुनी आठवण काढतोय, असं वाटलं मला. पण त्या दिवसानंतर माझं भाषण मला पहिल्यासारखं गोड लागेना. ज्या माणसांना त्या मोहिमेत धरून नेलं, त्यांच्यातले दोघं पुढं माझ्याकडंच तक्रारीचे कागद घेऊन आले. त्यांना माझा चेहरा आठवत नव्हता, मला माझं भाषण आठवत होतं. सुदामनं विसाव्या वर्षी जो प्रश्न मांडवात विचारला, तो माझ्यापर्यंत पोचायला इतकी वर्षं लागली. पोचला तरी मी त्याला जाऊन सांगितलं नाही. सांगू की, घाई काय आहे... असं म्हणत राहिलो.

आता बोरीच्या सभेकडं येतो. माझ्या आधी नववीतली रुक्मिण नावाची मुलगी बोलायला उठली. सुदाम तिला वादविवादाला तयार करत होता. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "सर खडूच्या खोक्यात चिठ्ठ्या टाकायचे. त्यायचा एक कायदा व्हता. चिठ्ठी दोघांनीबी उघडायची आन् मोठ्यानं वाचायची. एकानं सांगितलं म्हणून दुसऱ्यानं आपली तशीच खिशात घालायची न्हाई. सर म्हणायचे, ती मग शर्ट धुताना सापडती." लोक डोळे पुसता पुसता हसले. म्हणजे याला माहीत होतं! सेलूला जायच्या आधी, प्राचार्यांच्या खोलीत उभं राहायच्या आधी... त्या आठ दिवसांत कधीतरी दोरीवरचा शर्ट धुताना त्यानं ती घडी उलगडली होती. त्याच्या खिशात 'अनुकूल' होतं. एका वाक्यात त्याला स्वतःला सोडवता आलं असतं, आणि ते वाक्य त्यानं मला बोलायला दिलं होतं. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी माझं नाव पुकारलं. मी उठलो, आणि नेहमीसारखा चांगला बोललो.

सभेनंतर लोक चहाला गेले. मी त्याच्या वर्गात गेलो. टेबलावर त्याचा चष्मा नव्हता की वही नव्हती, किसनरावानं सगळं घरी नेलं होतं. खडूचा खोका मात्र तिथंच होता, तळाशी पिवळी भुकटी आणि दोन घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. मी एक उचलली आणि सवयीनं तळहातातच उघडली. सतरंजी गुंडाळायला आलेली रुक्मिण दारातूनच म्हणाली, "तसं न्हाई काका. मोठ्यानं वाचायची असती." मी घडी घालून चिठ्ठी परत खोक्यात ठेवली आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघालो.

त्याला आता तीन आठवडे झाले. आज मोठ्यानं वाचतो. सुदाम, त्या दिवशी मी उचललेल्या चिठ्ठीवर 'प्रतिकूल' होतं.