खांबच्या गणपतीचं बोट

तिसऱ्यांदा परीक्षेला बसते म्हटलं तेव्हा घरात कुणी चिडवलं नाही, तेच जास्त लागलं. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मी अकाउंट्स बघते. कंपनी परदेशी मालकांनी घेतली आणि हिशेब आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे द्यायचं ठरलं. साहेबांनी सरळ सांगितलं, "मॅडम, त्या मानकांच्या परीक्षेत यंदा पास झालात तर हे काम तुमचं. नाहीतर मुंबईहून माणूस आणतो." सत्तेचाळिसाव्या वर्षी मी त्या माणसाला फायली काढून द्यायच्या? डोकंच फिरलं माझं.

राहते मी पेणला. सासऱ्यांचा गणपतीचा कारखाना घराला लागूनच, त्यामुळे माझा अभ्यास मूर्तींच्या शेजारी बसून. 'विक्री झाली असं कधी म्हणायचं' या प्रकरणात मी दोनदा आपटले होते. यंदा ते घोकून चोख केलं: माल गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेला की विक्री झाली, पुढचं त्याचं तो बघेल.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी रोह्याकडच्या खांब गावचं एक कुटुंब मूर्ती घेऊन गेलं आणि दीड तासात परत आलं. वडखळच्या पुढे टेम्पो खड्ड्यात आदळला आणि गणपतीचं एक बोट तुटलं. सासऱ्यांनी काही न विचारता मूर्ती पाटासकट आत घेतली, बोट केलं, रंगवलं. पैसे घेतले नाहीत. ऐन गर्दीत अर्धा दिवस गेला.

ते लोक गेल्यावर मी शहाणपणा शिकवलाच. "बाबा, आपल्या दारातून मूर्ती गेली की जबाबदारी त्यांची. आमच्या पुस्तकात साफ लिहिलंय."

"असंल. पण मखरात बसेपर्यंत काय झालं तर आपण बघतो. कागदावर नाय, पण गिऱ्हाइकाला ठावं हाय. तुझ्या पुस्तकात रीत धरत नाय काय गो?"

कुठली धरतायत, असं पुटपुटत मी पुस्तक उघडलं. आणि होतं की! करारात शब्द नसला तरी धंद्याच्या रिवाजामुळे गिऱ्हाईक ज्याची खात्री धरतं, तेही दिलेलं वचनच. त्याचा वेगळा हिशेब करायचा. दोन वर्षं ती ओळ मी किरकोळ समजून ओलांडत होते. स्वतःवर चरफडले, मग हसले.

डिसेंबरच्या पेपरात यंत्रं बनवणारी एक कंपनी आली. करारात नाही, पण विकलेल्या यंत्राची दुरुस्ती वर्षभर फुकट करून द्यायची तिची जुनी सवय. मला हसूच फुटलं. पर्यवेक्षिकेने डोळे वटारले. बाकी सगळं सोडून आधी तोच प्रश्न लिहिला.

पास झाले. सासऱ्यांना सांगितलं तर हातातला ब्रश न थांबवता म्हणाले, "व्हायचंच होतं." मला मात्र दिवसभर जेवण सुचलं नाही, इतका आनंद झाला होता.

मार्चअखेरचा अहवाल मी केला. साहेबांनी तो शेवटच्या पानावर उघडून माझ्यापुढे सरकवला आणि पेन दिलं. मी सही केली. बावीस वर्षं आकडे मीच काढत होते, खाली सही दुसऱ्याची असायची.