फाशावरचा एक

मी बावीस वर्षं गणित शिकवलं. दहावीच्या वर्गात संभाव्यतेचं प्रकरण आलं की बरेच शिक्षक ते उरकून टाकतात. मी कधी उरकलं नाही. एक फासा टाकला असता सम संख्या येण्याची संभाव्यता किती, हे मी इतक्या पोरांना इतक्या वेळा विचारलं आहे की मला झोपेतून उठवून विचारलं तरी उत्तर देईन. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे झालं त्यात बिचाऱ्या बाईला फसवलं असं कुणी म्हणायला नको. जिला हे गणित यायलाच हवं होतं, तिनंच ते केलं नाही.

डोळे एकदम गेले नाहीत. दृष्टिपटलाचा आजार. आधी कडेचं दिसेनासं झालं, दारांच्या चौकटी खांद्याला लागायला लागल्या. मग फळ्यावर मीच लिहिलेलं समीकरण मला अर्धंच दिसू लागलं. शाळा सोडली. निरोपाच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. दिसत नाही म्हणून निरोप देताय आणि घड्याळ कसलं देताय, असं मी माइकवरच म्हणाले. सगळे हसले. मी खरं तर चिडून बोलले होते.

त्याच सुमारास माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मला त्यांच्या रविवारच्या खेळाला बोलावलं. राजारामपुरीत त्याचं छपाईचं दुकान आहे, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं. दुकानावरच्या खोलीत रविवारी दुपारी मटण जेवून, हाताला रश्श्याचा वास घेऊन, तिशीतली चार माणसं टेबलाभोवती जमायची. खेळ गोष्टीचा. एकजण गोष्ट सांगतो, हा छपाईवालाच. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. तो म्हणतो, समोर नदी आहे, पूर आलाय, काय करता? तुम्ही म्हणायचं, पोहून जाते. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर पैलतीर, लहान आला तर गटांगळ्या. आणि एक आला तर विचारूच नका. ज्याला एक पडला त्याला सगळं टेबल मिळून शिव्या घालणार आणि पुढच्या रविवारचं भडंग त्यानं आणायचं.

सुरुवातीला मोठ्या आकड्यांचा फासा नाकाजवळ धरून मला वाचता यायचा. तिसऱ्याच रविवारी मला एक पडला. बाईंना शिवी कशी घालायची म्हणून सगळे आधी अडखळले. मग शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवणारा एक आडदांड गडी होता, तो ओरडला, “बाई, जन्मभर आमाला शून्य दिलासा, आता भोगा की!” पुढची दहा मिनिटं जे काही ऐकून घेतलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. घरी येताना मी रिक्षात एकटीच हसत होते.

माझं पात्र होतं एक खेचरवाली. घाटातून मीठ आणि गूळ वाहून नेणारी, तोंडाळ, भांडकुदळ. तिला कुणी भीत नसे, पण तिच्या तोंडाला सगळे भीत.

पुढच्या दिवाळीपर्यंत फासा नाकाला टेकवूनही वाचता येईना. माझ्या उजव्या हाताला औषधाच्या दुकानात काम करणारी एक मुलगी बसायची, तीही माझीच विद्यार्थिनी. ती माझा फासा वाचून सांगू लागली. छपाईवाल्याला तेव्हा एक कल्पना सुचली. “बाई, खेचरवालीलाबी अंध करूया. डोळ्यानं न्हाय, पण तिला आतनं समदं दिसतंय. संकट याच्या आधीच कळतंय.”

“मला आतून काही दिसत नाही,” मी म्हणाले. “आत ॲसिडिटी आहे.”

मग मात्र मी त्याला वर्गात बोलायची तशी बोलले. गोष्टीतला आंधळा एकतर कटोरा घेऊन बसलेला असतो, नाहीतर त्याला भविष्य दिसत असतं. मधला कुणी नसतोच. ज्याची बस चुकते, ज्याच्या चहात माशी पडते आणि घोट घेतल्यावर कळतं, असा आंधळा कुठल्याच गोष्टीत नाही. तिला अंध करायची तर नीट कर. ती पावलं मोजेल, चुकेल, पडेल, पुन्हा मोजेल. काय होतं ते फासा ठरवू दे, तू नको. तो म्हणाला, “बरं बाई.”

आणि गंमत बघा, खेचरवाली पडलीच नाही. दोन वर्षं. पुलावरची फळी तुटली, ती उडी मारून पलीकडे गेली. दरोडेखोरांच्या श्वासावरून तिनं ते किती जण आहेत ते ओळखलं. दर वेळी उजवीकडून आवाज यायचा, “सतरा!” “एकोणीस!” आणि टेबलावर थापा पडायच्या. क्वचित नऊ यायचा, आठ यायचा, तेवढ्यापुरतं हळहळून व्हायचं. एक मात्र कधी नाही. भडंग इतर सगळ्यांनी आणलं, मी नाही. देवानं डोळे नेले, पण हात चांगला ठेवला, असं मी खरोखर घरी बोलून दाखवलं आहे. आता लिहिताना कान गरम होतात.

त्या रविवारांचं मला काय मोल होतं हे सांगायला हवं. बाकीचे सहा दिवस मी कुणाच्या तरी हाताला धरलेली असते. बँकेतला माणूस माझ्यासमोर नवऱ्याला विचारतो, “मॅडमना काय पाहिजे?” नृसिंहवाडीला गेलं की रांगेतले लोक मला न विचारता दंडाला धरून पुढे काढतात आणि वर पुण्य मिळाल्याच्या सुरात बोलतात. त्या वरच्या खोलीत मला कुणी पुढे काढत नाही असं मला वाटे. तिथे मी जिंकत होते ते माझं होतं. मी एका आंधळ्या बाईला घाटातून चालवत होते आणि ती स्वतःच्या पायांनी पोचत होती. याचा मला फार गर्व होता.

यंदा उन्हाळ्यात पॅटर्नवाल्यानं माझ्यासाठी एक फासा करून आणला. ॲल्युमिनियमचा, लिंबाएवढा, वीस बाजूंचा. प्रत्येक बाजूवर ब्रेलचे उठावाचे ठिपके आणि शेजारी डोळसांसाठी रंगवलेला बारीक आकडा. लाकडात पॅटर्न कोरून त्यानं तो ओतून घेतला होता, हातानं घासून गुळगुळीत केला होता. सगळ्यांनी वाहवा केली. मी बोटं फिरवली आणि म्हणाले, “छान आहे रे, पण माझी बोटं मठ्ठ. या वयात ब्रेल कुठलं जमायला?” तरी टाकायला तोच वापरू लागले. वाचायची उजवीकडचीच.

घरी मात्र मी हट्टाला पेटले. रोज दुपारी ताटात कापड अंथरून फासा टाकायचा, वरच्या बाजूला बोट टेकवायचं, आकडा म्हणायचा. नवरा पेपर बाजूला ठेवून बघायचा आणि सांगायचा, चूक. पहिला आठवडा सगळा चूक. तिसऱ्या आठवड्यात तो चाळीस वेळा ओळीनं “बरोबर” म्हणाला. त्या चाळिसांत दोनदा एक आला होता. घरी एक पडतो आणि तिकडे पडत नाही याचं मला नवल वाटलं, एवढंच. तरी अक्कल आली नाही.

त्या रविवारी मी ठरवून गेले होते. योग्य वेळ बघून एकदम आकडा सांगायचा आणि सगळ्यांना चकित करायचं. खेचरवाली ओल्या खडकावरून उतरत होती. मी फासा टाकला. तो कापडावर थांबला, आणि मी हात पुढे नेईपर्यंत उजवीकडून आवाज आला, “सोळा!” थापा पडल्या. मी फासा उचलायला म्हणून वर बोट टेकवलं. तीन.

मला वाटलं, माझंच चुकलं. पुन्हा पाळी आली. “चौदा!” बोटाखाली पाच. त्यापुढची “अठरा!”, आणि तिथे खरंच अठरा होता. म्हणजे चांगला आला की खरं सांगायचं. मला लागलं ते त्या मुलीचं खोटं नव्हे. टेबल छोटं आहे. फासा मधोमध पडतो. चार जोडी डोळ्यांना तीन दिसला होता आणि चारही जणांनी सोळाला थापा मारल्या होत्या.

पुढच्या फेरीत मी फासा टाकला आणि कुणी तोंड उघडायच्या आत वर हात ठेवला. खरोखरच एक होता. मी मोठ्यानं म्हणाले, “एक.”

मी वाट बघत होते. कुणीतरी शिवी घालावी, घाणेरड्यातली घाणेरडी, म्हणून मी कान देऊन बसले होते. पहिल्या वर्षी घातल्या होत्या की यांनीच. बाई मी तेव्हाही होते. शेवटी पॅटर्नवालाच बोलला, अगदी हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसा. “ऱ्हाऊ दे की बाई. परत टाका.”

घरी सोडायला ती मुलगी रिक्षातून बरोबर आली. ती रडत होती ते मला तिच्या नाक ओढण्यावरून कळत होतं. म्हणाली, पहिल्यांदा एकदाच केलं. डॉक्टरांनी आता डोळ्यांचं काही होणार नाही म्हणून सांगितलं होतं, त्याच आठवड्यात. “तुमाला एक पडला बाई, आणि तुमचं तोंड असलं झालतं... माझ्या तोंडातनं अकराच निघालं. सगळ्यांनी बघितलं. कोण काय बोललं न्हाय. मग कसं थांबायचं तेच कळंना.”

त्या रिक्षात मी दोन वर्षं उशिरानं गणित केलं. एका दुपारी माझा फासा वीसेक वेळा पडतो. म्हणजे दर रविवारी सरासरी एकदा एक यायला हवा. शंभर रविवार एकही न येण्याची संभाव्यता दहावीच्या पोरानंसुद्धा शून्य लिहिली असती आणि मी त्याला पूर्ण गुण दिले असते. मला ते दिसलं नाही कारण मला जिंकायचं होतं. आणि ती खेचरवाली, जिला मी भविष्य दिसणारी होऊ दिलं नव्हतं, ती तीच झाली होती. न चुकणारी, न पडणारी, चमत्काराची आंधळी. मी तिला ज्या खोट्यापासून वाचवायला भांडले, तेच खोटं दोन वर्षं थापांच्या गजरात स्वतः खेळले. मी त्या मुलीला एवढंच म्हणाले, “पुढच्या वेळेपासून मी वाचेन.”

आता मी वाचते. दोन आले तर दोन म्हणते, एक आला तर एक. पण टेबल बदललं आहे. कुणी कुणाला शिव्याच घालत नाही. त्यांना मला घालवत नाहीत, म्हणून एकमेकांनाही नाहीत. भडंग छपाईवालाच आधी आणून ठेवतो. सगळे एकमेकांशी जपून बोलतात, दिवस घालायला जमलेल्या पाहुण्यांसारखे.

गेल्या रविवारी खेचरवाली कड्याच्या कडेनं चालली होती. मी फासा टाकला, हात ठेवला. “एक,” मी म्हणाले. छपाईवाला म्हणाला, “पाय सटकला. पडली खाली.” लगेच पुढे जोडलं, “पन खाली गवत हुतं.”

“किती खोल आहे?” मी विचारलं.

“चाळीस फूट.”

“चाळीस फुटांवरून पडलेलं माणूस मरतं रे.”

“व्हय बाई,” तो म्हणाला. “पन गवत लई दाट हुतं.”

मला ओरडायचं होतं. तिला मरू दे, मला हरू दे, मी तुमच्यातली आहे, असं सगळं तोंडाशी आलं होतं. पण फासा माझ्या हातात असला तरी दरी त्याच्या हातात होती, आणि तो ती मला कधीच खोल करून देणार नव्हता. आणि रविवारी दुपारी जायला मला दुसरी जागा नाही. माझ्या दंडावर कुणाचा तरी हात आला, धीर द्यायला. मी म्हणाले, “बरं. ती उठते. चालायला लागते.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.