खंडेनवमीच्या पाटावरचं कार्ड

दादाचं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड खंडेनवमीच्या पाटावर मी ठेवलं होतं, आईने नाही. पुढे घरात तो विषय निघाला की सगळे आईला बोल लावत आणि मी गप्प बसत असे. आता सांगायला हरकत नाही, बोल लावणारं कुणी उरलेलं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी, मिळायचा, आणि ‘असल्या भाकऱ्या कोण खाणार’ म्हणणारी सगळी पेठ पिशव्या घेऊन रांगेत उभी असायची. दादा पदवी घेऊन चार वर्षं घरी बसला होता. सरकारी जागा निघाली की एक्स्चेंज नोंदणीच्या क्रमाने नावं पाठवत असे, त्यामुळे त्या कार्डावरच्या तारखेला आमच्याकडे जन्मपत्रिकेपेक्षा जास्त मान होता. मुदतीत नूतनीकरणाचा शिक्का मारून घेतला नाही तर नंबर जायचा. मग पुन्हा सगळ्यांच्या मागे.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. दर खंडेनवमीला तिथे यंत्रांना झेंडूच्या माळा घालत आणि आम्हाला पेढे मिळत. त्या वर्षी टाळेबंदी होती. गेटवर पोलीस होते, म्हणून आईने पूजा घरीच मांडली. पाटावर तिची विळी, कात्री आणि बाबांचं मापं घ्यायचं व्हर्नियर. मी अकरा वर्षांची आणि अतिशहाणी. मनात आलं, सगळ्यांची हत्यारं आहेत, मग दादाचं कुठे आहे? ट्रंकेतून कार्ड काढून मी पाटावर ठेवलं आणि त्यावर चांगलं ठसठशीत हळदकुंकू वाहिलं.

दादा आंघोळ करून आला आणि पाटाकडे बघतच राहिला. शिक्क्याचा तो शेवटचा दिवस होता. आदल्या दिवशी तीन तास रांगेत उभं राहूनही मोर्चामुळे खिडकी बंद झाली आणि तो तसाच परत आला होता. त्याने आईकडे कार्ड मागितलं. पूजेत गेलेली वस्तू दसरा झाल्याशिवाय हलवायची नाही, हा आईचा नियम. एरवी ती मुलासाठी नियम वाकवायची, त्या दिवशी नाही. म्हणाली, “आधीच देव आपल्यावर रुसलाय. त्याला आणखी दुखवू नकोस.”

एरवी देवधर्माची टिंगल करणारे बाबासुद्धा तिच्या बाजूने बोलले. दोन दिवसांनी असं काय बिघडणार आहे, तिथेही आपलीच माणसं बसली आहेत, असं त्यांचं म्हणणं. गेट बंद झाल्यापासून तेही देवाला भ्यायला लागले होते. कार्ड दादाच्या हाताच्या अंतरावर होतं. त्याने शर्ट काढून परत खुंटीला लावला.

दसऱ्यानंतर तो गेला. खिडकीतल्या कारकुनाने कुंकवाचा डाग पाहिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “खंडेनवमी माझ्याही घरी असते. मी त्या दिवशी इथे होतो.” मग जुन्या कार्डावर आडवी रेघ मारून त्याने नवं दिलं.

दोन महिन्यांनी पलीकडच्या गल्लीतल्या मुलाला पाटबंधारे खात्यात कारकुनाची जागा मिळाली. चार वर्षांपूर्वी पहिल्या नोंदणीच्या दिवशी तो रांगेत दादाच्या लगेच मागे होता. त्याची आई पेढे घेऊन आली. आमच्या आईने ते देवापुढे ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यांना मुंग्या लागल्या.

कार्ड कुणी ठेवलं हे दादाला कळलं होतं की नाही, कोण जाणे; मला तो कधी एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर फार बरं झालं असतं. त्याच्या समोरून ताट उचलतानासुद्धा मला चोरट्यासारखं वाटायचं.

पुढच्या वर्षीपर्यंत कारखाना सुरू झाला होता, पण बाबांना आत घेतलं नव्हतं. आईने पाट मांडला, विळी, कात्री, व्हर्नियर ठेवलं. आता मुदतीला बराच अवकाश आहे, कार्ड ठेवायचं का, असं तिने दादाला हळूच विचारलं.

दादाने वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. “हत्याराला आज एक दिवस सुट्टी द्यायची असते, आई. माझं कार्ड वर्षभर सुट्टीवरच आहे.”

बाबा उठले, पाटावरचं व्हर्नियर उचलून फडक्यात गुंडाळलं आणि आत नेऊन ठेवलं. आईने त्यांना अडवलं नाही. विळी आणि कात्री एवढ्याचीच पूजा झाली.