संपलेल्या वस्तूंचा अर्धा वाटा

सामान हलवणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक कधी खरं सांगत नाही. "थोडंसंच आहे हो, एका खेपेत होईल," म्हणतात, आणि जाऊन बघावं तर लोखंडी कपाट, शिवणयंत्र, कुंड्या आणि वर पोपटाचा रिकामा पिंजरा. इतकी वर्षं टेम्पो चालवतोय, मला आता सवय झालीय. त्यामुळे माझ्या भाचीने फोन करून "मामा, रविवारी टेम्पो मोकळा आहे का?" असं विचारलं तेव्हा मी सवयीने म्हटलं, "सामान किती?" तर ती म्हणाली, "ते तिथे गेल्यावर कळेल." मला तेव्हाच खटकलं. स्वतःच्या घरात आपलं सामान किती हे जिला सांगता येत नाही, अशी बाई मी आजवर पाहिली नव्हती.

भाचीला आम्ही सगळे मुंगी म्हणतो. लहानपणापासून तशीच. बोलणं कमी, काम जास्त, आणि सदा काहीतरी उचलून कुठेतरी चाललेली. शाळेत पेन्सिल नखाएवढी होईपर्यंत टाकायची नाही. तिच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या भाऊजींचं, गावी वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. त्यांची इच्छा एकच, पोरीने गल्ल्यावर बसावं. पण मुंगी दात बनवायला शिकली. हो, दात! दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा घेतात आणि कवळी करायला बाहेर पाठवतात, तिथे ती कामाला लागली. मी एकदा बघायला गेलो होतो. लांबलचक खोली, सगळ्या टेबलांवर प्लास्टरची पांढरी भुकटी, फळीवर जबड्यांची रांग. बघूनच माझी दाढ ठणकायला लागली. मुंगी चिमट्याने एकेक दात उचलून गुलाबी मेणात बसवत होती. म्हणाली, "मामा, ही एका आजींची कवळी. त्यांचा पुढचा दात आधी थोडा वाकडा होता. त्यांना तो तसाच हवाय, नाहीतर नवरा ओळखायचा नाही म्हणतात." असं काम मन लावून करणारी पोर. तिला कुणी फसवेल असं मला वाटलंच नव्हतं.

आणि गंमत म्हणजे, तिला कुणी फसवलंही नाही. तीच तर माझी तक्रार आहे. फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो.

तिला भेटला तो चष्मिस. एका छपाईच्या कंपनीत कॉम्प्युटरवर बसणारा, सभ्य, हळू बोलणारा, कप कानाला धरूनच उचलणारा. दोघांनी मिळून दोन खोल्या भाड्याने घेतल्या. लग्न पुढच्या वर्षी, असं ठरलेलं. भाऊजींनी तोंड फिरवलं, बहीण रडली, मग मीच मध्ये पडलो आणि त्याला "जावईबापू" म्हणायला लागलो. संसार मांडताना या चष्मिसने एक पद्धत काढली. मोठ्या वस्तू तो घेणार: फ्रिज, पलंग, वॉशिंग मशीन. खोलीचं डिपॉझिटही त्यानेच भरलं. रोजचं सगळं मुंगी बघणार: भाडं, किराणा, दूध, भाजी, विजेचं बिल, साबण, झाडू. हिशेब मांडला की दोघांचे आकडे जवळजवळ सारखे यायचे. मुंगी मला कौतुकाने सांगायची, "मामा, आमचं सगळं अर्धं-अर्धं. कुणाचे कुणावर उपकार नाहीत." तो फ्रिज मी स्वतः पाठीवर घेऊन तीन जिने चढवला होता, एक पैसा भाडं न घेता. वर पोचल्यावर जावईबापूंनी मला थंड पाणी दिलं, आणि ते थंड व्हायला फ्रिज आधी लावावा लागला म्हणून मी तासभर वाट बघितली. तेव्हा हसू आलं होतं.

मग एका संध्याकाळी मुंगी महिन्याचा किराणा भरून घरी आली. पिशव्या अजून हातातच होत्या. चष्मिस म्हणाला, "आपलं काही जमत नाहीये." का? तर म्हणे, "मला वाटतं आपण दोघं वेगवेगळ्या दिशेने चाललोय." अरे, दिशा कसली? दोघं रोज एकाच बसने कामाला जात होतात! भांडण नाही, दुसरी कुणी नाही, दारू नाही, मारहाण नाही. नुसतं जमत नाही. 

मुंगीने शहरातच एक स्वस्तातली खोली शोधली. घरमालकीण डिपॉझिट मागत होती आणि मुंगीच्या हातात दमडी शिल्लक नव्हती, सगळं त्या घरात गेलेलं. डिपॉझिट नाही तर खोली नाही, खोली नाही तर गावी परत. भाऊजी तर गल्ल्यामागची खुर्ची पुसून तयारच होते. दात बनवणं संपलं, "मी म्हणालोच होतो" हे जन्मभर ऐकायचं. मुंगीचं म्हणणं होतं, घरातलं अर्धं सामान तिच्या वाट्याला आलं की ते विकून डिपॉझिट निघेल. टेम्पोत बसल्यावर मी म्हटलं, "सरळ सांग त्याला, फ्रिज आणि मशीन आमचं." ती म्हणाली, "मी काही मागणार नाही. त्याने स्वतःहून म्हटलं पाहिजे की अर्धं तुझं आहे." मी म्हटलं, "अगं, स्वतःहून म्हणणारी माणसं टेम्पो बोलवायला लावत नाहीत!" तिने खिडकीबाहेर बघितलं.

वर गेलो. चष्मिसने दार उघडलं, मला नमस्कार केला, चहा टाकला. चहासुद्धा चांगला केला, त्याचाही मला राग आला. मग समोर बसून म्हणाला, "मामा, मला कुठलाही कडवटपणा नको आहे. ज्याचं त्याने न्यावं. हिचं जे जे आहे ते हिने घ्यावं, मी अडवणार नाही."

"हिचं काय काय आहे?" मी विचारलं.

तो खरंच विचार करायला लागला. खोलीभर नजर फिरवली. फ्रिजकडे बघितलं, तो त्याचा. पलंग त्याचा. मशीन त्याचं. सगळ्याच्या पावत्या त्याच्या नावावर. शेवटी म्हणाला, "कपडे. आणि ते पायपुसणं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि एवढे दिवस तिने जो पैसा ओतला तो?"

"मी नाही कुठे म्हणतोय, मामा? तिने माझ्याइतकाच खर्च केला. पण ते संपलं ना."

"संपलं? कुणाच्या पोटात गेलं?"

"दोघांच्या," तो शांतपणे म्हणाला.

 खोटं तर काहीच नव्हतं. भाडं दोघं राहिले म्हणून संपलं, तांदूळ दोघांनी खाल्ले, दिवे दोघांनी जाळले. आणि फ्रिजचा गारवासुद्धा दोघांनीच खाल्ला, पण फ्रिज मात्र याचा! मी तेच म्हणालो. तर तो म्हणाला, "फ्रिज आहे की अजून, मामा. जे आहे त्याचीच वाटणी होऊ शकते." गणित शिकवल्यासारखं म्हणाला, आणि मी "अहो" सोडून "अरे" वर आलो. "अरे, मग तिने फ्रिज घेतला असता आणि तू तांदूळ, तर आज तू पायपुसणं घेऊन निघाला असतास का?" तो म्हणाला, "पण तसं झालं नाही ना."

मी मुंगीकडे बघितलं. म्हटलं, आता तरी ही तोंड उघडेल. ती चहाचा कप हातात धरून त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही हो. वाट बघत होती! अजूनही वाटत होतं तिला की हा शेवटी म्हणेल. तो उठला. कप उचलून नळाखाली ठेवायला गेला.

मी फ्रिजला हात घातला. चढवला मी होता, उतरवणार होतो मीच. मुंगी एकदम ओरडली, "मामा, नको!" एवढा आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता. मी फ्रिज सोडला. पण हात हलवत परत जायचं तर माझं डोकं फिरलं असतं. स्वयंपाकघरात गेलो आणि डबे उघडले. तांदूळ, साखर, पीठ, तेलाचा अख्खा डबा. त्याच महिन्याचा किराणा, नुकता भरलेला.

"हे संपलंय का?" मी विचारलं.

"नाही..." चष्मिस म्हणाला.

"मग जे आहे त्याची वाटणी कर. हे तिचं."

त्याने चष्मा वर सारला. मला वाटलं, आता लाजेल. तर म्हणाला, "ठीक आहे. पण डबे माझे आहेत."

देवाशप्पथ सांगतो, असंच म्हणाला. मी मुंगीच्या उशांचे अभ्रे काढले. उशासुद्धा त्याच्याच, अभ्रे तेवढे माहेरून आलेले. एकात तांदूळ ओतले, एकात पीठ. साखर तिच्या शाळेच्या जुन्या दप्तरात गेली. तेलाचं काय करावं ते कळेना, शेवटी तेलाचा डबा "कंपनीचा आहे" असं ठरवून उचलला. डबे एकेक करून ओट्यावर उपडे मांडले आणि खाली उतरलो. खालच्या मजल्यावरच्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांना वाटलं असेल, कुठेतरी लूट झालीय. मोठ्या टेम्पोत दोन अभ्रे, एक दप्तर, तेल, कपड्यांची बॅग आणि पायपुसणं. मागचा फाळका लावायचीसुद्धा गरज नव्हती. मुंगी बऱ्याच वेळाने खाली आली.

डिपॉझिट मी देतो म्हटलं, तर ऐकेना. तिच्या मालकाकडून उचल घेतली, पगारातून दर महिन्याला कापून जाणार. आता दुपारी डबा न्यायचा तो नुसता भाताचा, आणि बस सोडून पायी जायचं. हे सगळं कशासाठी, तर अर्धं-अर्धं नीट चालवलं म्हणून! मी फोनवर रोज त्या चष्मिसचा उद्धार करायचो. ती म्हणायची, "तो वाईट नाहीये, मामा. त्याला कळतं, पण उशिरा कळतं. तो फोन करेल बघ." मी म्हणायचो, "कशाला करेल? झाकणं राहिलीत का डब्यांची?" ती हसायची नाही.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी मी तिच्या खोलीत फळी ठोकायला गेलो. खोली बरी होती, एक खिडकी, कोपऱ्यात नळ. जमिनीवर सतरंजी. भिंत मात्र अशी भुसभुशीत की खिळा आत जायचा आणि प्लास्टर बाहेर यायचं. माझी चिडचिड चालली होती. मुंगी खालून फळी धरून उभी होती आणि तिचा फोन खिडकीत, जवळच, आवाज पूर्ण मोठा करून ठेवलेला. तो वाजला. तिने नाव बघितलं आणि फळी सोडली. सगळा भार माझ्या हातावर आला.

"हॅलो," ती म्हणाली. फोनचा आवाज एवढा मोठा की मलाही सगळं ऐकू येत होतं.

"ऐक ना," चष्मिस म्हणाला. "मला या दिवसांत एक गोष्ट कळली."

मुंगीने डोळे मिटले. मीही हातोडी थांबवली. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलासुद्धा वाटलं, आला बाबा माणूस ताळ्यावर!

"घर चालवायला केवढा खर्च येतो गं," तो म्हणाला. "भाडं, दूध, वीज... संपतच नाही. तू काटकसरीने केलं असतंस तर आपलं बरंच वाचलं असतं."

मुंगीने डोळे उघडले.

"बरं, ते जाऊ दे. गॅस संपलाय. गॅसवाल्याचा नंबर दे ना."

तिने दिला. तोंडपाठ होता. सावकाश, एकेक आकडा. त्याने लिहून घेतला, परत म्हणून दाखवला, आणि एक चुकला होता तो तिने दुरुस्त केला. वर सांगितलं, "सकाळी लवकर कर, नंतर तो उचलत नाही." तो "थँक्स हं" म्हणाला आणि फोन बंद झाला.

माझा तोल गेला. फळी टाकली, स्टुलावरून उतरलो. "दिलास? नंबर दिलास त्याला? अगं, जेवू दे की कच्चं! तुला उधळी म्हणाला तो, आणि तू त्याला वेळसुद्धा सांगतेस? काय म्हणावं तुला, कपाळ माझं!"

मुंगीने फोन खिडकीत ठेवला, मग परत उचलला आणि आवाज बारीक केला.

"आता तो फोन करणार नाही, मामा."

"म्हणजे?"

"तू खाली सामान बांधत होतास ना, तेव्हा मी त्याला सगळं सांगून आले होते. दूधवाला कोण, बिल कुठे भरायचं, पाणी किती वाजता जातं. गॅसवाल्याचा नंबर तेवढा मुद्दाम दिला नव्हता."

एवढं बोलून ती रडायला लागली, त्या संध्याकाळपासून पहिल्यांदाच. आणि मी, एवढा तोंडाळ माणूस, हातोडी खाली ठेवून तिच्याशेजारी सतरंजीवर बसलो.